समोरासमोर दोन खुर्च्या

पडदा नाही, नेपथ्य नाही, वाद्यमेळ नाही. मोकळ्या रंगमंचावर समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत रोजच्या साध्या कपड्यांतला एक फ्रेंच माणूस, जवळ लॅपटॉप. दुसरीत अनवाणी, तालमीच्या काळ्या कपड्यांतला एक थाई नर्तक. फ्रेंच माणूस विचारतो, तुमचं नाव काय? पिचेत क्लुनचुन. वय किती, लग्न झालंय का, काम काय करता? नाचतो. कसला नाच? खोन. खोन म्हणजे काय? इथून पुढे पावणेदोन तासांच्या आसपास ही दोन माणसं एकमेकांना प्रश्न विचारतात, मधूनच उठून काहीतरी करून दाखवतात आणि पुन्हा जागेवर येऊन बसतात. एवढ्या भांडवलावर या प्रयोगाने बँकॉकपासून न्यूयॉर्कपर्यंतची सभागृहं खळखळून हसवली आणि मधेच चिडीचूप केली.

‘पिचेत क्लुनचुन अँड मायसेल्फ’ हे त्या प्रयोगाचं नाव. यातला ‘मायसेल्फ’ म्हणजे समोरच्या खुर्चीतला जेरोम बेल. दोघंही परक्या भाषेत, इंग्रजीत बोलतात. दोघांचीही इंग्रजी कामापुरती, त्यामुळे वाक्यं आखूड आणि प्रश्न सरळ. कलेवर एरवी जे पल्लेदार बोललं जातं, ते इथे बोलताच येत नाही. ‘हे तुम्ही का करता?’ असा लहान मुलाचा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. या प्रयोगातली पहिली नवलाई मला इथेच दिसते.

हे घडलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. २००४ साली तांग फू क्वेन या सिंगापूरच्या संयोजकाने बँकॉकमधल्या एका महोत्सवासाठी या दोघांना एकत्र आणलं. बेल मनात काही बेत ठरवून आला होता. पण वेळ थोडा, लांबच्या विमानप्रवासाने झोपेचं खोबरं झालेलं आणि त्यात बँकॉकच्या रस्त्यांवरची वाहतूककोंडी. ठरवलेलं काही जमेना. मग दोघांनी खरी परिस्थितीच रंगमंचावर आणायचं ठरवलं. आपल्याला एकमेकांच्या कलेतलं काहीही कळत नाही, तर समोरासमोर बसून विचारू या. डिसेंबर २००४ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि पुढे कित्येक वर्षं तो जगभर फिरत राहिला.

दोघांची कुळं पाहिली की या भेटीतला विस्तव लक्षात येतो.

जेरोम बेल १९६४ सालचा. समकालीन नृत्यात त्याचं नाव गाजलं ते नाचातून नाच काढून टाकण्यासाठी. २००१ मधल्या त्याच्या ‘द शो मस्ट गो ऑन’ या प्रयोगात एकामागून एक लोकप्रिय गाणी वाजतात आणि रंगमंचावरची माणसं कधी नुसती उभी राहून प्रेक्षकांकडे पाहतात, तर कधी गाण्याचे शब्द सांगतील तेवढंच करतात. डेव्हिड बोवीच्या गाण्यात ‘लेट्स डान्स’ हे धृपद आलं की नाचायचं, धृपद संपलं की थांबायचं. पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगांना प्रेक्षागृहात गदारोळ उडाला. त्याच्या आधीच्या एका प्रयोगावरून तर डब्लिनमधल्या एका प्रेक्षकाने महोत्सवाच्या आयोजकांना कोर्टात खेचलं. नृत्य म्हणून तिकीट विकलंत आणि त्यात नृत्यच नाही, अशी त्याची तक्रार. दावा फेटाळला गेला.

आणि समोर खोन. सयामच्या राजदरबारात वाढलेलं मुखवट्यांचं नृत्यनाट्य, ज्यात कथा एकच सांगायची, ती रामाची. थाई रामायणाला ‘रामकियेन’ म्हणतात. आज प्रमाण मानली जाणारी त्याची संहिता पहिल्या राम राजाच्या काळात, १८व्या शतकाच्या अखेरीस रचली गेली, आणि बँकॉकच्या राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये ही कथा १७८ भित्तिचित्रांत रंगवलेली आहे. त्यात आपल्या ओळखीची सगळी मंडळी भेटतात. प्रा राम हिरवा, प्रा लक पिवळा, तोसकान म्हणजे दशकंठ रावण हिरव्याच मुखवट्यातला, आणि हनुमान पांढराशुभ्र. पण गावोगावच्या मारुतीला ब्रह्मचारी म्हणून शेंदूर लावणाऱ्या मराठी माणसाने हा हनुमान जरा सांभाळूनच पाहावा. तो रंगेल आहे. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या आडवी येते, तर तो तिच्याच प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगा होतो. त्याने जांभई दिली की तोंडातून चंद्र आणि तारे बाहेर पडतात. ही जांभई वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

खोनमध्ये पात्रांच्या चारच जाती: पुरुष, स्त्री, राक्षस आणि वानर. शरीराची ठेवण पाहून गुरू मुलाला लहानपणीच त्यांपैकी एकीत घालतात आणि बहुतेकांचं आयुष्य त्याच जातीत जातं. सुरुवातीचं शिक्षण म्हणजे निव्वळ शरीर घडवणं. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं आणि एकेक पाय उचलून तालात आपटायचा, तासन् तास. बसून गुडघ्यांवर थापा मारत ताल अंगात मुरवायचा. बोटं मागे वळवत न्यायची, इतकी की हाताचा पंजा धनुष्यासारखा दिसावा. प्रयोगाच्या दिवशी जरीचा पोशाख नर्तकाच्या अंगावरच शिवतात, म्हणजे नाचताना एकही सुरकुती नको. मुखवट्याआडून बोलता येत नाही म्हणून संवाद बाजूला बसलेले निवेदक म्हणतात. आपलं आपण बोलायची मुभा फक्त विदूषकांना. चेहरा झाकलेला, आवाज दुसऱ्याचा, पोशाख अंगाशी शिवलेला. नर्तकाकडे उरतं ते सांधे आणि वजन.

क्लुनचुन सोळाव्या वर्षापासून हे शिकला, चायोत खुम्मानी या नामवंत गुरूंकडे. प्रयोगात बेल त्याला म्हणतो, दाखवा. क्लुनचुन खुर्चीतून उठतो आणि चारही जाती एकेक करून दाखवतो. मुखवटा नाही, जर नाही, वाद्यं नाहीत, अंगात एक काळा शर्ट. पण राक्षस होताना त्याचे पाय रुंदावतात, छाती पुढे येते आणि जमीन जड होते. स्त्री होताना तेच गुडघे जवळ येतात आणि पावलाचा आवाज पुसला जातो. वानर होताना मान कुठेतरी भलतीकडेच वळते आणि हात खाजवायला लागतो. माणूस तोच, कपडे तेच. मुखवटा घातला असता तर आपण मुखवट्याकडे पाहिलं असतं. इथे मुखवटा मणक्यात दिसतो.

गंमत इथून सुरू होते. बेलला काही कळत नाही आणि तो ते लपवत नाही. हे रडणं होतं? पण तुमचा चेहरा तर हललाच नाही! क्लुनचुन शांतपणे सांगतो, हात डोळ्यांकडे गेला ना, म्हणजे रडला. मग बेल म्हणतो, मला शिकवा. पंचेचाळीस अंशांवर थांबलेला फ्रेंच गुडघा, कुठल्याही बाजूला न वळणारी बोटं, आणि शेजारी धीराने उभा असलेला गुरू. प्रेक्षागृह फुटतं. हे हसू थाई नृत्याला नसतं आणि बेलची हेटाळणीही त्यात नसते. आपण त्या घटकेला बेलच्या जागी असतो. त्याच्या अडाणीपणाच्या आडून आपले प्रश्न विचारून घेत असतो. एखादा गवई आधी बंदिशीतली जागा उकलून सांगतो आणि मग तीच गाऊन दाखवतो, तेव्हा ती जागा पहिल्यापेक्षा उजळ ऐकू येते. क्लुनचुनची प्रत्येक हालचाल तशी दुसऱ्यांदा दिसते. पहिल्या वेळी नक्षी असते, दुसऱ्या वेळी वाक्य. चार प्रश्नोत्तरांच्या बळावर, आयुष्यात खोन न पाहिलेला माणूस खोन वाचू लागतो. नृत्याबद्दल बोललं की त्यातली जादू जाते असं मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

बोलता बोलता क्लुनचुन एक फार मोलाची गोष्ट सांगतो. बॅलेमध्ये शक्ती शरीरातून बाहेर फेकली जाते: हात लांब, पाय लांब, उडी आकाशाकडे. खोनमध्ये ती बोटांच्या टोकापाशी वळते आणि परत आत येते. थाई मंदिरांच्या छपरांची टोकं अशीच वळलेली असतात. हे ऐकल्यावर ती मागे वळलेली बोटं शोभेची राहत नाहीत, ती एखाद्या मार्गावरचं वळण होतात.

अर्ध्यावर फासे पलटतात. आता क्लुनचुन विचारणार आणि बेल सांगणार. तुम्ही काय करता? बेल उभा राहतो आणि प्रेक्षकांकडे नुसता पाहत राहतो. बराच वेळ. क्लुनचुन वाट पाहतो. मग बेल ‘लेट्स डान्स’ लावून जेमतेम अंग हलवून दाखवतो. क्लुनचुन ज्या सौजन्याने हे सगळं बघून घेतो, ते सौजन्यच हास्याचा बार उडवतं. त्याला प्रश्न पडतो तो अगदी व्यवहाराचा. लोक याला पैसे देतात? आमच्याकडे परत मागतील! बेल मनापासून समजावतो: समकालीन कलेचं तिकीट काढणारा माणूस काय मिळणार हे ठाऊक नसतानाच येतो, त्याने तेवढा धोका पत्करलेला असतो. रंगमंचावरचा माणूस प्रेक्षकांपेक्षा सरस, असं मला दाखवायचं नाही. मी तुमच्यासारखाच आहे.

या ठिकाणी मला इतिहास आठवतो, कारण तो दोघांच्याही पाठीशी उभा आहे. बॅलेही दरबारातच जन्मलं. चौदावा लुई १६५३ मध्ये स्वतः सूर्य होऊन नाचला आणि १६६१ मध्ये त्याने नृत्याची राजअकादमी काढली. पुढे १७९३ मध्ये फ्रेंचांनी त्याच गादीवरच्या राजाचा शिरच्छेद केला. सयाममध्ये १९३२ साली राजाची निरंकुश सत्ता संपली, पण राजा राहिला, आणि खोन दरबारातून सरकारच्या ललित कला विभागाकडे गेलं. एकाच्या नाचात राजासमोरची मर्यादा अजून जिवंत आहे, दुसऱ्याने मर्यादा मोडण्यालाच नाच म्हटलं. प्रयोगात कोणी हे व्याख्यान देत नाही. पण दोन शरीरं ज्या रीतीने खुर्चीत बसतात, त्यातही ते दिसतं.

मग मरणाचा विषय निघतो, आणि या प्रयोगाचं काळीज तिथे आहे.

बेल विचारतो, रंगमंचावर मृत्यू कसा दाखवता? क्लुनचुन सांगतो, दाखवत नाही. अशुभ मानतात. मग कळतं कसं? क्लुनचुन उठतो आणि रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालू लागतो. अतिशय सावकाश. एक पाऊल उचललं जातं, हवेत राहतं, टेकतं. मग दुसरं. काही घडेल म्हणून आपण वाट पाहतो. नजर कंटाळते, मग सरावते, मग त्या टेकणाऱ्या टाचेपाशी थबकते. चालणं संपतं आणि कळतं, की जायचं ते माणूस गेलं.

दुसऱ्या भागात बेल आपला मृत्यू दाखवतो. ‘किलिंग मी सॉफ्टली’ हे गाणं लागतं. तो उभ्या उभ्या ओठ हलवत गाण्याबरोबर म्हणू लागतो, हळूहळू खचतो, गुडघ्यांवर येतो, आडवा होतो, ओठ थांबतात. गाणं चालूच राहतं. तो पडून राहतो. कौशल्य म्हणावं असं यात काहीही नाही; हे कोणीही करू शकेल, आणि बेलचं म्हणणंही तेच आहे. पण आतापर्यंत प्रत्येक गोष्टीवर ‘हे मी का पाहायचं?’ म्हणणारा क्लुनचुन या वेळी तसं म्हणत नाही. तो सांगतो, मला माझ्या आईचं जाणं आठवलं.

दीड तास ज्यांच्यात दरी आहे असं आपण हसत हसत पाहिलं, ते दोघं इथे एकाच जागी उभे असतात. एकजण मृत्यू दाखवायला नकार देऊन नुसता चालला, दुसऱ्याने अभिनयाला नकार देऊन नुसतं अंग टाकलं. दोघांनी आपल्याला पाहण्यासाठी फारच थोडं दिलं आणि पुष्कळ वेळ दिला. हे आधीच सांगितलं असतं तर कोणाच्या पचनी पडलं नसतं. तिथवर पोचायला ते सगळं हसणं लागतं. हसून हसून प्रेक्षक सैलावलेला असतो, राखणीला कोणी उरलेलं नसतं.

शेवटही गोड समेटाचा नाही. बेल आपल्या प्रयोगांतल्या नग्नतेबद्दल बोलता बोलता विजारीला हात घालतो आणि क्लुनचुन त्याला थांबवतो. नको, मला संकोच वाटतो. बेल कारण विचारत राहतो, पण थांबतो. इतकं समजून घेतल्यावरही एक रेघ राहिली, आणि ती रंगमंचावर लख्ख दिसू दिली, यासाठी मला या दोघांचं कौतुक वाटतं. संस्कृतींच्या मीलनाचे सोहळे बरेच होतात आणि त्यांत शेवटी सगळे मिळून एकच काहीतरी नाचतात. इथे दोघं शेवटपर्यंत आपापल्या खुर्चीत आहेत.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले आणि ते वाऱ्यावर सोडण्यासारखे नाहीत. संकल्पना बेलची. ‘मी’ म्हणण्याचा हक्कही त्याच्याकडेच, आणि युरोपातल्या प्रेक्षकांसाठी आशियाई नर्तकाने पुन्हा एकदा आपली कला ‘समजावून’ सांगायची. पण क्लुनचुन या मांडणीत अडकून पडला असं मात्र मला वाटत नाही. खोन आता मुख्यतः पर्यटकांपुरतं उरलंय, अशी कळकळीची तक्रार त्याने याच खुर्चीतून केली. पुढे २००७ पासून राणी सिरिकित यांच्या आश्रयाखाली खोनचे भव्य प्रयोग सुरू झाले, त्यांना थाई प्रेक्षकांची गर्दी लोटली, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने खोनला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या दोघांना मिळून २००८ साली युरोपातला प्रिन्सेस मार्ग्रीत पुरस्कारही मिळाला.

अशा भेटीची दुसरी तऱ्हा जवळजवळ त्याच वेळी लंडनमध्ये घडली, तीही थोडक्यात सांगायला हवी. २००५ मध्ये अक्रम खान आणि सिदी लार्बी शेर्काउई यांनी ‘झीरो डिग्रीज’ केलं. खान बांगलादेशी कुटुंबातला, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला. शेर्काउई बेल्जियमचा, वडील मोरोक्कोचे. खान बांगलादेशातून भारतात येताना सीमेवर झालेला त्रास आणि आगगाडीत पाहिलेलं प्रेत यांची हकीकत सांगतो. पण सांगतात दोघं. मांडी घालून शेजारी बसलेले, शब्दाला शब्द, अडखळण्याला अडखळणं, कान खाजवण्याला कान खाजवणं, सगळं एकाच क्षणी. बोलताना आपले हात किती नाचत असतात हे दोन शरीरांत एकदम दिसलं की आधी हसू येतं, मग ते शरीर कोणाचं आणि हकीकत कोणाची, हेच कळेनासं होतं. तिकडे प्रश्न विचारून फरक उघडा केला, इकडे नक्कल करून पुसून टाकला. नितीन साहनींचं संगीत आणि अँटनी गॉर्म्लीने या दोघांच्याच शरीरांवरून घडवलेले दोन पुतळे याच प्रयोगातले.

पण मला पुन्हा क्लुनचुनकडे यायचंय, कारण प्रश्न विचारण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. २०१० मध्ये त्याने ‘निजिन्स्की सयाम’ केलं. १९०० साली सयामी नर्तकांचा ताफा सेंट पीटर्सबर्गला गेला होता. १९१० मध्ये रशियन बॅलेतला महान नर्तक निजिन्स्की ‘सयामी नृत्य’ म्हणून एक नाच नाचला, आणि त्याची छायाचित्रं पॅरिसमधल्या एका चित्रकाराच्या बागेत काढली गेली. शंभर वर्षांनी एका खऱ्या सयामी नर्तकाने ती छायाचित्रं समोर ठेवून विचारलं, यात आमचं काय आहे? बोटं कुठे बरोबर वळली, कंबर कुठे चुकली? या वेळी प्रश्न विचारणाऱ्या खुर्चीत थायलंड होतं.

बेलनेही वाट बदलली. हवामानाच्या काळजीपोटी २०१९ पासून त्याने विमानप्रवास सोडला. त्याच्या तालमी आता पडद्यावरून होतात आणि दूरच्या देशांत तिथलेच कलाकार त्याच्या संहिता करतात. वाहतूककोंडीत आणि अर्धवट झोपेत जन्मलेल्या त्या प्रयोगासारखा दुसरा प्रयोग या पद्धतीने घडेल का, याची मला शंका आहे.

आणि क्लुनचुनने शेवटी आपल्याच परंपरेला समोरच्या खुर्चीत बसवलं. थाई नृत्याच्या पायाभूत पाठात ५९ मुद्रा आहेत. गुरूने दाखवायच्या, शिष्याने तंतोतंत घ्यायच्या, त्या अशाच का, हे विचारायचं नाही. क्लुनचुनने वर्षानुवर्षं एकेक मुद्रा घेऊन तिच्या आकृत्या काढल्या: वर्तुळं कुठे, अक्ष कुठला, हात हलला की पाय काय करतो, शरीराभोवतीची जागा कशी बदलते. त्यातून त्याने सहा तत्त्वं काढली. शक्तीची ये-जा, वर्तुळं आणि वळणं, अक्षाचे बिंदू, अवयवांची जोडचाल, शरीराबाहेरचा अवकाश, आणि सतत सरकणारी नाती. या सहांना धरून, पण ५९ मध्ये नसलेलं असं काही नाचता येईल का, हे त्याने २०२० मध्ये मंचावर पाहिलं. त्या प्रयोगाचं नाव ‘नंबर ६०’.